पाखराला रोज चमचाभर दही? थांबा जरा

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, पक्षी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर आणि आमच्या दूधवाल्याच्या स्टेटसवर. (त्याचं मी समजू शकते.) मेसेजचा सार असा: घरातल्या पाखरांना रोज चमचाभर दही द्या किंवा प्रोबायोटिक पावडर पाण्यात टाका. चांगले जंतू पोटात कायमचे वस्तीला येतात. जुलाब, सर्दी, पिसं उपटणं सगळं थांबतं, अँटिबायोटिकची गरज उरत नाही. वस्तू नैसर्गिक, त्यामुळे जास्त झाली तरी अपाय नाही. कोंबड्यांना देतातच, मग तुमच्या पोपटाला का नको?

वर फोटो लाल कंठाच्या हिरव्या राघूचा. हा राघू घरी पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, म्हणजे सल्ला देणाऱ्याची सुरुवातच तिथून. मी पुढे लिहितेय ते बजरीगर (ज्यांना आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात), खरे लव्हबर्ड, कॉकाटील अशा पाखरांबद्दल. एक आधीच सांगते, मी प्रोबायोटिकच्या विरोधात नाही. माझ्या फ्रिजमध्ये आत्ताही एक पुडी आहे.

चमच्यापासूनच सुरू करू. बजरीगरचं वजन 30 ते 40 ग्रॅम. पोह्यांचा चमचा भरून दही घेतलं तर ते पाच ग्रॅमच्या आसपास भरतं. 35 ग्रॅमच्या जिवाला पाच ग्रॅम म्हणजे अंगाचा सातवा हिस्सा. साठ किलोच्या माणसाला एका बैठकीत साडेआठ किलो दही खायला सांगण्यासारखं हे आहे, आणि तेही रोज. त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर (एन्झाइम) पक्ष्यांकडे नसतंच. पिलांना दूध पाजणारी जात ती नव्हे. कबुतरं पिलांना ‘दूध’ भरवतात हे खरं, पण ते गळ्याखालच्या पिशवीत तयार होतं, त्यात प्रथिनं आणि चरबी असते, लॅक्टोज नसतं. दही लागताना लॅक्टोजचा काही भाग आंबून जातो, बाकीचा तसाच राहतो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि पातळ शी सुरू होते. जुलाब थांबवायला दिलेल्या दह्यानेच जुलाब लागतात, मग आणखी दही. बोटाच्या टोकाला लागलेलं दही कॉकाटीलने चाटलं तर काही बिघडत नाही. चमचा मात्र बाजूला ठेवा.

आता ‘दही म्हणजे प्रोबायोटिक’. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या ठरवली: पुरेशा प्रमाणात दिल्यावर ज्याच्या पोटात जातात त्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. ‘पुरेशा प्रमाणात’ आणि ‘फायदा करणारे’ हे दोन शब्द मेसेजमध्ये गळलेत. आपल्या घरच्या विरजणात कुठले जंतू किती आहेत, हे कोणी मोजलेलं नसतं. शेजारच्या काकूंच्या विरजणात वेगळे, माझ्या विरजणात वेगळे. जेवायला दोन्ही दही उत्तमच, पण त्याला औषध म्हणता येत नाही.

माणसांच्या कॅप्सूलबद्दलही तेच. निरोगी माणसाच्या आतड्यात ई. कोलाय सुखाने नांदत असतो. पोपटवर्गातल्या पक्ष्याच्या विष्ठेत तोच भरपूर दिसला तर डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते, कारण या पक्ष्यांच्या पोटातली वस्ती मुख्यतः ग्रॅम पॉझिटिव्ह नावाच्या गटातल्या जंतूंची असते आणि ई. कोलाय त्या गटातला नाही. घरच वेगळं, तर पाहुणेही वेगळे लागणार. केमिस्टकडच्या त्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुपीत 5 मिलिलिटरमध्ये 2 अब्ज बीजाणू (म्हणजे सुप्तावस्थेतले जंतू) असतात. हा हिशोब माणसाच्या पोटाचा आहे. आणि बाजारातली गोड प्रोबायोटिक पेयं तर विसराच, त्यांत साखर किती असते ते बाटलीवर वाचा.

‘कायमची वस्ती’ हे निव्वळ स्वप्नरंजन आहे. दिलेले जंतू बहुतेक वेळा वाटसरू असतात, देत राहिलात तोवर विष्ठेत सापडतात आणि बंद केलं की थोड्या दिवसांत दिसेनासे होतात. त्यात लहान पाखराच्या पोटातून अन्न काही तासांतच पार होतं.

कोंबडीचा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. 1971 मध्ये फिनलंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला या आतड्यातल्या रोगजंतूचा मोठा उपद्रव झाला. नुर्मी आणि रांताला या दोघा संशोधकांनी 1973 मध्ये दाखवून दिलं, की नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिलांना प्रौढ निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज दिला, तर साल्मोनेला त्यांच्यात सहजी पाय रोवू शकत नाही. आधीच जागा भरलेली असली की नव्याला शिरकाव नाही, आपल्या लोकलच्या डब्यासारखं. पुढे युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी केली, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांचा ओढा प्रोबायोटिककडे आणखी वाढला.

पण त्या प्रयोगात काय काय होतं ते बघा. पिलं इन्क्युबेटरमधली, आईचं तोंडही न पाहिलेली, पोट रिकामं. दिलेला ऐवज म्हणजे त्याच जातीच्या आतड्यातली अख्खी वस्ती होती, एखाद-दुसरा जंतू घातलेली पावडर नव्हती. आणि दिलं ते आजाराच्या आधी. शिवाय कोंबडीला दोन लांब अंधांत्रं (आतड्याला जोडलेल्या, एका टोकाला बंद पिशव्या) असतात, जंतूंचं मोठं कोठारच ते. पोपटवर्गातल्या पक्ष्यांना ती नसतात. त्यामुळे कोंबडीचा निष्कर्ष उचलून तुमच्या चार वर्षांच्या कॉकाटीलवर चिकटवता येत नाही. त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक म्हणजे हाताने भरवलेलं पिलू. आईबापांच्या चोचीतून मिळणारा जंतूंचा वारसा त्याला मिळालेला नसतो. तिथे प्रोबायोटिक देण्यात अर्थ आहे आणि बरेच डॉक्टर देतातही. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, लांबचा प्रवास किंवा घरबदल झाल्यावरही देतात. पोपटवर्गावरचा पुरावा कोंबडीच्या मानाने तुटपुंजा आहे, पण लॅक्टोबॅसिलस जंतूंच्या चांगल्या पावडरीने निरोगी पाखराला अपाय होण्याची शक्यता कमी, म्हणून देऊन बघण्यात फारसं जात नाही.

जातात ते दिवस. ‘अँटिबायोटिकची गरज नाही’ या वाक्यावर माझा खरा राग आहे. का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बंटी नावाचा बजरीगर होता. दिवसभर राळ्याच्या वाटीत तोंड घालून बसायचा, म्हणून मला वाटलं भूक छान आहे. पिंजऱ्याखालच्या वर्तमानपत्रावर मात्र शीमध्ये अख्खेच्या अख्खे दाणे दिसायला लागले. असाच एक सल्ला वाचून मी दही सुरू केलं. नऊ दिवस. नवव्या दिवशी त्याला हातात घेतलं तर छातीचं मधलं हाड सुरीच्या पाठीसारखं बोटाला लागलं. किचनच्या काट्यावर वजन भरलं 24 ग्रॅम. डॉक्टरांनी ताजी शी काचपट्टीवर घेतली आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. उदबत्तीच्या काड्या विखराव्यात तशा सरळ, लांब काड्या दिसत होत्या. मॅक्रोऱ्हॅब्डस. पूर्वी याला मोठा जिवाणू समजून ‘मेगाबॅक्टेरिया’ म्हणायचे, नंतर कळलं की ही जठरात राहणारी बुरशी आहे. तिला बुरशीचंच औषध लागतं, तेही कित्येक दिवस चोचीतून. आमच्याकडे तेवढे दिवस उरले नव्हते. चौथ्या दिवशी बंटी गेला. दह्याने त्याला मारलं नाही, पण माझे नऊ दिवस त्या दह्यात गेले.

आणखी एक प्रकार याहून फसवा आहे. क्लॅमिडिया सिटासी या जंतूचा आजार पाखराकडून माणसालाही होतो, ताप येतो, न्यूमोनिया होऊ शकतो. त्यावर पाखराला डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण 45 दिवस. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून बसतं आणि ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून कोर्स चालू असताना पिंजऱ्यातला समुद्रफेससुद्धा (तोही कॅल्शियमचाच) काढायला सांगतात. ‘अँटिबायोटिक चालू आहे, पोट सांभाळायला दही देते’ असं मायेने करणारी व्यक्ती नकळत औषधच बोथट करत असते. प्रोबायोटिक द्यायचंच असेल तर दुग्धजन्य नसलेलं, औषधाच्या वेळेपासून काही तास लांब, आणि डॉक्टरांना सांगून. कारण एरवी एका हाताने जंतू द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तेच मारायचे असा खेळ होतो.

सर्दी आणि पिसं उपटणं याबद्दल फार लिहीत नाही. पिसं उपटण्यामागे कंटाळा, एकटेपणा, हार्मोन, परजीवी, विषाणू, काहीही असू शकतं. सारखी ‘सर्दी’ होणारं पाखरू नुसत्या राळ्यावर आणि सूर्यफुलाच्या बियांवर जगत असेल तर आधी अ जीवनसत्त्वाकडे बघा. गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर. पुडी त्यानंतर.

पाण्यात पावडर टाकण्याचा सल्ला तर आपल्या हवेत मुळीच पाळू नये. मे महिन्यात डोंबिवलीच्या गॅलरीत सकाळी कालवलेलं पाणी मी एकदा दुपारी हुंगून पाहिलं. आंबूस वास, आणि वाटीच्या कडेला बोट फिरवलं तर बुळबुळीत. पावडरीत साखरेसारखा काहीतरी भराव असतो, त्यावर नको ते जंतूही पोसतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हव्या त्या जंतूंना मारतं ते वेगळंच. शिवाय बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, पाणी पितोच थोडं, त्यामुळे पोटात किती गेलं हे कळत नाही. ओलसर भाजीवर किंवा मऊ खाद्यावर चिमूट भुरभुरवा आणि दोन तासांनी उरलेलं उचला. सुटी पावडर साध्या पिशवीत बांधून देणाऱ्या दुकानातून घेऊ नका. उन्हात पडलेल्या पुडीत जिवंत काय राहिलंय कोणास ठाऊक. जंतूचं पूर्ण नाव, संख्या आणि तारीख छापलेली नसेल तर ते पीठच समजा.

पाणचट शी दिसली म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. पक्ष्याच्या शीत तीन गोष्टी असतात: घट्ट भाग, पांढरं युरेट आणि पाण्यासारखी लघवी. काकडी खाल्ली की तिसरी वाढते, पहिली तशीच घट्ट राहते. ते जुलाब नव्हेत. घट्ट भागच पसरला, किंवा शी गडद हिरवी आणि अगदी थोडी यायला लागली (म्हणजे बहुधा पोटात अन्नच जात नाहीये), पाखरू फुगून एका कोपऱ्यात बसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

माझ्या फ्रिजमधली पुडी मोतीची आहे, आमची कॉकाटील. मागे तिचा अँटिबायोटिकचा कोर्स झाला तेव्हा डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी दिली होती, अर्धी उरलीय. पुढच्या महिन्यात तारीख उलटली की टाकून देईन. वजनाचा काटा मात्र ओट्यावरच असतो. आज सकाळी मोती 91 ग्रॅम, आणि काट्यावरून उतरायला तयार नव्हती.