‘स्टेरॉइड बंद करा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन. तिचा १४ वर्षांचा मुलगा ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, उपचारांवर आहे. ‘‘ताई, आजची डेक्साची गोळी देऊ की नको?’’ डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड. मी डॉक्टर नाही; त्याच्या आजारपणात वाचत गेले, एवढंच. तिला आधी वॉर्डात फोन करायला लावला. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज वाचला आणि माझीही झोप उडाली.

मेसेजचं म्हणणं असं: ल्युकेमियाच्या मुलांची हाडं कॅन्सरने नाही, स्टेरॉइडने सडतात. स्टेरॉइड हे कॅन्सरचं औषधच नव्हे, सूज उतरावी आणि भूक लागावी म्हणून देतात. तेव्हा ते बंद करा, कॅल्शियम द्या, मालिश करा, मुलाला अंथरुणातून उठू देऊ नका.

कॅन्सरचं औषध नाही? मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, आणि त्यातल्या पेशींना स्टेरॉइड थेट मारतं. पेशीत शिरून तिला आतूनच मरायला लावतं. काही उपचारपद्धतींत तर पहिला आठवडा मुख्यतः प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवरच काढतात आणि आठव्या दिवशी रक्तातल्या ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपक्व) पेशी मोजतात. मायक्रोलिटरमागे १००० च्या आत आल्या तर औषधाला प्रतिसाद चांगला, नाहीतर पुढचे उपचार कडक. भूक वाढवायच्या गोळीवर कोणी असले निर्णय घेतं का? शिवाय काही आठवडे स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, बनवायचं कमी करतं. अशात गोळी परस्पर तोडली आणि तेवढ्यात जंतुसंसर्ग झाला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. मेसेज लिहिणाऱ्याला याचा पत्ताच नाही. किंवा असेल, आणि तरी लिहिलं असेल. मग तर बोलणंच खुंटलं.

आता कबूल करायचं ते करते. स्टेरॉइड हाडांना इजा करतं, हे खरं आहे. हाड पातळ होतं ते एक; दुसरं जास्त वाईट. सांध्याजवळच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. खुबा आणि गुडघा यांना हे जास्त होतं, काहींना पुढे खुबा बदलावा लागतो. याला ऑस्टिओनेक्रोसिस म्हणतात. पण हे कोणी लपवून ठेवलेलं नाही. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे आले. जास्त जोखमीच्या ल्युकेमियाच्या रुग्णांत, ५ वर्षांत हा त्रास १० वर्षांखालच्या साधारण १ टक्का मुलांना झाला, १० ते १५ वयोगटात सुमारे १० टक्के आणि १६ ते २१ मध्ये २० टक्के. म्हणजे किशोरवयीन मुलांना धोका कितीतरी जास्त. त्याच चाचणीत १० वर्षांवरच्या काही मुलांना एका टप्प्यात डेक्सा सलग ३ आठवडे दिलं, काहींना मधला आठवडा वगळून. सलगवाल्यांत प्रमाण १७ टक्के, मधे सुट्टी असलेल्यांत ९ च्या आत. हाडांची काळजी अशी घेतली जाते, वेळापत्रक बदलून. माझ्या भाच्याच्या कागदावरही डेक्साच्या रकान्यात मधला आठवडा कोरा आहे. बहिणीला वाटत होतं, लिहायचं राहिलं!

‘कॅन्सरने नाही’ हेही अर्धवट. कॅनडातल्या १८६ मुलांच्या अभ्यासात निदानाच्या सुमारासच १६ टक्के मुलांचे मणके दबलेले सापडले. किमोने काही करायच्या आधी ल्युकेमियाने हाड पोखरलेलं असू शकतं. किती मुलं ‘पाय दुखतात’ म्हणूनच पहिल्यांदा दवाखान्यात येतात!

कॅल्शियम? ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी असेल तर डॉक्टर देतातच. पण तुटलेला रक्तपुरवठा कॅल्शियमच्या गोळीने जोडला जात नाही.

मालिश: प्लेटलेट्स कमी म्हणून रक्तस्रावाची भीती, मणके ठिसूळ, आणि पाठीवर कोणीतरी जोर लावणार. नको.

अंथरुणात ठेवा, हे तर उफराटंच. हाडावर भार पडला नाही की ते आणखी झिजतं. झेपेल तेवढं चालायचं, हालचाल ठेवायची. खुब्याला इजा झालेली असेल तर उड्या किंवा धावणं बंद, पण ते ठरवणार त्याला तपासणारे डॉक्टर.

मेसेज टाकणाऱ्या काकांना मी हे सगळं लिहून पाठवलं. उत्तरात हात जोडल्याचं चित्र आणि ‘आला म्हणून पुढे पाठवला’.

गोळी त्याच रात्री दिली, वॉर्डातून तसंच सांगितलं. फोन ठेवताना बहीण हळूच म्हणाली, त्याचा उजवा गुडघा दोन आठवडे दुखतोय. मेसेज वाचल्यापासून तिने ते डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, ‘कॅल्शियमने जाईल’ म्हणून. सकाळी सांगितलं. एक्स-रे नीट आला, पण हाड मरायला लागलेलं सुरुवातीला एक्स-रेत दिसतच नाही. गुरुवारी एमआरआय आहे.