विलंबित लयीचे साधक

आपली नियुक्ती झाली, त्याबद्दल सर्वप्रथम हार्दिक अभिनंदन. संगीत, नृत्य आणि नाट्य यांना पुरस्कार व अनुदाने देणाऱ्या संगीत नाटक अकादमी या राष्ट्रीय संस्थेच्या अध्यक्षपदी राष्ट्रपतींकडून पाच वर्षांसाठी नेमले जाणे ही काही साधी गोष्ट नव्हे. कालपर्यंत आपल्या मैफलींना न फिरकलेली माणसे आज आपले बालमित्र म्हणून पुढे येऊ लागली असतील, तर त्यांच्या शाली मुकाट्याने ठेवून घ्याव्यात. दिल्लीची थंडी कडक असते. मात्र खुर्चीत स्थिरस्थावर होण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेतल्या, तर पाच वर्षे सुखाने सरतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट लयीची. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचे आवर्तन बारा मात्रांचेच असते. परंतु मुरलेला गवई ते इतके ऐसपैस मांडतो की नवख्या श्रोत्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हरवल्यासारखीच वाटते. आपल्या खुर्चीची लय हीच आहे. गवयाला मात्र शेवटी समेवर यावेच लागते. आपल्याला ते बंधन नाही, कारण समोर श्रोते नसून अर्जदार बसलेले असतात, आणि अर्जदार कितीही ताटकळला तरी मैफल सोडून उठत नाही.

ठेका धरण्याची चिंता आपण करू नये. अकादमीच्या घटनेनुसार सचिव हा संस्थेचा मुख्य कार्यकारी अधिकारी असतो. शिवाय कार्यकारी मंडळ आहे, अर्थ समिती आहे, अनुदान समिती आहे. आपण आलापी करावी. या खुर्चीत गिरीश कार्नाड बसून गेले, भूपेन हजारिका बसून गेले. तेव्हा खुर्चीला कलावंत मानवत नाही, असा आरोप कोणी करू नये. कलावंत तिला चांगलाच मानवतो. कलावंताला खुर्ची मानवते की नाही, हा विषय आजवर कोणत्याही बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आलेला नसावा.

भाषणांसाठी थोडा इतिहास पाठ असलेला बरा. संगीत नाटक अकादमीचा ठराव १९५२ सालचा. २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. लोकशाहीत कलांचे पोषण जनतेकडूनच होऊ शकते आणि जनतेच्या इच्छेचे संघटित रूप या नात्याने राज्यसंस्थेने त्यांच्या जतनाची जबाबदारी उचलली पाहिजे, अशा आशयाचे विचार शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी तेव्हा मांडले होते. हे वाक्य मोठे सोयीचे आहे, कारण त्याचे दोन तुकडे करता येतात. निधी अपुरा पडला की पहिला तुकडा वापरावा आणि जनतेकडे बोट दाखवावे. फीत कापताना दुसरा वापरावा आणि छायाचित्रात राज्यसंस्थेच्या शेजारी उभे राहावे. दोन्ही तुकडे एकाच भाषणात येऊ देऊ नयेत; श्रोत्यांत एखादा जागा असतो.

वास्तूचाही उपयोग करून घ्यावा. वास्तुरचनाकार हबीब रहमान यांनी टागोरांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने आखलेल्या दिल्लीतील रवींद्र भवनात संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला या तिन्ही अकादम्या एकत्र नांदतात. नाटकाच्या संहितेबद्दल विचारणाऱ्याला साहित्याकडे आणि नेपथ्याबद्दल विचारणाऱ्याला ललित कलेकडे पाठवता येते. त्याचा हेलपाटा फुकट गेला असे कोण म्हणेल? त्याने एक सुंदर इमारत तरी आतून पाहिली.

आता समित्यांविषयी. आपल्या कारकिर्दीत कारभाराची चौकशी करणारी उच्चाधिकार समिती नेमली गेलीच, तर मुळीच घाबरू नये. तिच्या स्वागतास स्वतः दारापर्यंत जावे. १९६४ साली होमी भाभा यांच्या समितीने अहवाल दिला, १९७२ साली खोसला समितीने दिला, १९९० साली हक्सर समितीने आणि २०१४ साली अभिजित सेनगुप्ता यांच्या समितीने दिला. मधली अंतरे मोजून पाहावीत: ८ वर्षे, १८ वर्षे, २४ वर्षे. चौकशीची लयसुद्धा उत्तरोत्तर किती विलंबित होत गेली आहे, हे संगीताच्या जाणकाराला वेगळे सांगायला नको. अणुशास्त्रज्ञाने पाहिले, न्यायमूर्तींनी पाहिले, पंतप्रधानांचे प्रधान सचिव राहिलेल्या मुत्सद्द्याने पाहिले, सनदी अधिकाऱ्याने पाहिले. आणि प्रत्येक वेळी पुन्हा पाहण्यासारखे काही शिल्लक राहिले, यातच संस्थेची श्रीमंती दिसते.

पुरस्कार हा आपल्या अधिकारातील सर्वांत देखणा भाग. एक लाख रुपये, ताम्रपत्र आणि अंगवस्त्र असे अकादमी पुरस्काराचे स्वरूप आहे. तो दर वर्षी द्यायचा असतो, परंतु त्या त्या वर्षीच द्यायचा असतो असे नाही. २०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांचे पुरस्कार नोव्हेंबर २०२२ मध्ये एकदम जाहीर झाले. चाळिशीच्या आतील कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या नावे दिले जाणारे २५ हजार रुपयांचे युवा पुरस्कारही तेव्हाच, तीन वर्षांचे मिळून १०२ जणांना, जाहीर झाले. मध्ये महामारी होती, हे मान्य. परंतु महामारीतही बंद न पडलेली एक गोष्ट म्हणजे माणसाचे वय. २०१९ साली ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला युवा मानफलक हाती येईपर्यंत वाचायचा चष्मा लावू लागला असेल, तर मानफलकावरची अक्षरे जरा मोठी काढावीत, एवढीच नम्र सूचना.

त्याहून मनोहारी प्रकार २०२३ सालचा. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आणि तोवर एकही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलावंतांना एक वेळचा विशेष अमृत पुरस्कार देण्यात आला. या सोहळ्याला नावे ठेवण्याचे पाप मी करणार नाही. त्या ८४ जणांच्या चेहऱ्यांवरचा आनंद खरा होता आणि ज्यांना ही कल्पना सुचली त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. मला कौतुक वाटते ते त्यामागच्या अनवधानी प्रामाणिकपणाचे. आम्ही तुम्हाला पंच्याहत्तर वर्षे पाहिले नाही, हे एखाद्या राष्ट्रीय संस्थेने व्यासपीठ सजवून, उपराष्ट्रपतींच्या उपस्थितीत आणि नावांच्या यादीसह सांगावे, असे वारंवार घडत नाही.

अर्जदार कसा असतो हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणून एक अनुभव सांगतो. आमच्या गावचे एक वृद्ध गोंधळी आहेत. वयोवृद्ध कलावंतांसाठी केंद्राची दरमहा सहा हजार रुपयांपर्यंतची साहाय्य योजना आहे. वय साठीच्या पुढे आणि वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत असावे लागते. दोन्ही अटींत बाबा अगदी चपखल बसत होते, दुसऱ्या अटीत तर फारच ऐसपैस. सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढला, आधारकार्डाच्या प्रती काढल्या आणि अर्ज भरायला ते माझ्या ओसरीवर बसले. “कलेतील योगदानाचे पुरावे” या रकान्यापाशी आमचे घोडे अडले. गोंधळ रात्री होतो, लग्नघरी होतो, आणि तिथे वार्ताहर येत नाही. बाबांनी पिशवीतून सात-आठ लग्नपत्रिका काढल्या. प्रत्येकीत तळाशी “रात्री गोंधळ” एवढेच छापलेले, आणि नाव मात्र आचाऱ्यासकट सर्वांचे. मी पेन खाली ठेवले. तेव्हा त्यांनी संबळ पुढे ओढला, बोटाने कातडे जरा चाचपले, टोकाशी वळलेली काठी हातात घेतली आणि विचारले, “गुरुजी, वाजवून दाखवलं तर न्हाई का चालायचं?”

चालणार नव्हते. लग्नपत्रिकांच्या साक्षांकित प्रती जोडून अर्ज धाडला. पुढे एका नातेवाइकाच्या कामासाठी दिल्लीला जाणे झाले, तेव्हा अर्जाचे काय झाले हे विचारायला मी संबंधित कचेरीत गेलो. व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, त्याचा उजवीकडचा पाय आखूड. त्या बाकावर तोल सांभाळत मी पावणेतीन तास काढले. माझ्या शेजारी एक मृदंगिया बसले होते. ते मांडीवर बोटांनी काहीतरी घोळवीत होते आणि मोकळ्या मनाने सांगत होते की त्यांची ही पाचवी खेप. अखेर आतून निरोप आला की प्रकरण पुढील बैठकीपुढे ठेवले जाईल. गावी परतल्यावर मी तो निरोप बाबांना सांगितला. “पुढली म्हंजी कवा?” मला सांगता आले नाही. “मग लगीनसराई झाल्यावर बघू,” असे म्हणून ते सायकलला संबळ बांधून सुपारी घ्यायला निघून गेले.

अनुदानाच्या बाबतीतही लय बिघडू देऊ नये. गुरु-शिष्य परंपरा हा शब्दप्रयोग भाषणात किमान तीनदा यावा. त्या परंपरेच्या जोपासनेसाठी मंत्रालयाच्या योजनेत गुरूला दरमहा १५ हजार आणि शिष्याला वयोमानानुसार दोन ते दहा हजार रुपये मिळतात, हा तपशील भाषणात येण्याची गरज नाही. सिंधुदुर्गातील एखाद्या दशावतारी मंडळाने विचारलेच, तर विनियोग प्रमाणपत्राकडे त्यांचे लक्ष वेधावे. त्याचा नमुना “जीएफआर १२-अ” या नावाने प्रसिद्ध असून आधीच्या पैशाचा हिशेब त्यात बसल्याखेरीज पुढचा पैसा सुटत नाही. सरकारी पैशाचा हिशेब मागू नये, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु आदल्या रात्री दशावतारात संकासुर झालेल्या माणसाने सकाळी टेम्पोवाल्याकडून पावती मागावी, त्याने ती सिगारेटच्या पाकिटावर लिहून द्यावी आणि सनदी लेखापालाने ती दोन बोटांत धरून उजेडात पाहावी, यातले नाट्य कोणत्याही प्रायोगिक नाटकाला हेवा वाटावा असे आहे. त्याला वेगळे अनुदान देण्याचा विचार व्हावा.

पुरस्कार परत करण्याची खोड काही लोकांना असते. २०१५ साली साहित्य अकादमीचे पुरस्कार ३९ लेखकांनी परत केले. त्यावर २०२३ साली संसदीय समितीने अशी शिफारस केली की राजकीय कारणासाठी पुरस्कार परत करणार नाही, अशी संमती आधीच लेखी घ्यावी. आपल्या अखत्यारीत ही पद्धत आलीच, तर ताम्रपत्र, अंगवस्त्र आणि हमीपत्र अशी तिहेरी भेट एकाच तबकात ठेवावी. अंगवस्त्र खांद्यावर असताना सही करायला हात जरा अवघडतो, म्हणून क्रम उलटा असावा.

आणि काही प्रकरणे आपली नसतातच. दिल्लीतील सरकारी घरे कलावंतांकडून रिकामी करून घेतली गेली, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये नव्वदीतील ओडिसी गुरू मायाधर राऊत यांचे सामान एशियाड व्हिलेजमधील रस्त्यावर आले. त्यात त्यांचे पद्मश्रीचे सन्मानपत्रही होते. मुदत संपली होती, नोटिसा दिल्या होत्या, कागदोपत्री सारे चोख होते. अशा वेळी छायाचित्रे पाहून कोणी आपल्याकडे आलेच, तर घरांचे खाते वेगळे, एवढे म्हणावे. ते खरेही आहे, आणि खरे बोलण्याची संधी या पदावर फार वेळा मिळत नाही.

पाच वर्षांनी निरोपसमारंभ होईल. आपल्या काळात मार्गी लागलेल्या गोष्टींची यादी सचिव वाचून दाखवतील. तिच्यातील निम्म्या आपल्यालाही नव्याने कळतील. गाडी जाईल, शाली देणारे बालमित्र नव्या अध्यक्षांचे बालमित्र होतील, आणि आपण पुन्हा आपल्या तानपुऱ्याकडे वळाल. मग एखादे दिवशी आपल्याच शिष्यांच्या प्रकल्पासाठी अनुदानाचा अर्ज घेऊन आपण त्याच व्हरांड्यात याल. आतला नवा कारकून आपल्याला ओळखणार नाही, तो म्हणेल, “बसा, साहेब मीटिंगमध्ये आहेत.” तेव्हा बाकावर डावीकडे बसावे.