कोरडी हवा आहे ना, मग काय त्रास?

"अगं, पण तिकडे कोरडी हवा ना? मग ऊन एवढं जाणवत नसेल."

हे वाक्य मला आता सहन होत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सला येऊन सात वर्षं झाली. घर दाखवणारा एजंट हेच म्हणाला होता, ऑफिसात पहिल्या दिवशी हेच ऐकलं, डिसेंबरात आठ दिवस राहून गेलेली मावशीसुद्धा फोनवर हेच ऐकवते. परवा तेच पुन्हा कानावर पडलं, तेव्हा मी नुकतीच बसच्या थांब्यावर पाऊण तास उभी राहून घरी आले होते. तळव्यांची आग होत होती, जीभ टाळ्याला चिकटली होती. काही न बोलता फोन ठेवला. तेव्हा गिळलेलं सगळं आता लिहितेय.

गाडीचा एसी बंद पडला. तोही जुलैत. गॅरेजवाला म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय, नवा यायला चार दिवस लागतील. घरून काम चालण्यासारखं नव्हतं, म्हणून चार दिवस बसने जायचं ठरवलं. सात वर्षांत मी इथे एकदाही बसमध्ये चढले नव्हते. माझ्या ओळखीतलं कुणीच चढत नाही. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, तिथून दुकानात, सगळीकडे थंडगार. बाहेर उभं राहावं लागणारी माणसं काचेतून दिसतात आणि सिग्नल हिरवा झाला की मागे पडतात.

घरापासून थांबा जेमतेम आठशे मीटर. या आठशे मीटरमध्ये फुटपाथवर सावली टाकणारं एकही झाड नाही. एका अंगाला सहा पदरी रस्ता, दुसऱ्या अंगाला वसाहतींच्या सिमेंटच्या उंच भिंती. झाडं आहेत, पण भिंतीच्या आत. बाहेरून चालणाऱ्याच्या वाट्याला फक्त भिंतीची धग येते.

आणि थांबा म्हणजे काय, तर एक खांब, त्यावर नंबराची पाटी, आणि एक लोखंडी बाकडं. त्या बाकड्याला दुपारी हात लावून बघावा. संध्याकाळी पाच वाजता तिथे चार माणसं एकामागे एक ओळीत उभी होती. मला वाटलं, बसची रांग आहे. रांग नव्हती. ती माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत उभी होती. खांबाची सावली ती केवढी, माणसाच्या खांद्याएवढीही रुंद नाही, पण तेवढ्यात डोकं मावतं. सगळ्यांत पुढे साठीच्या आसपासची एक बाई होती, हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्यांचा गणवेश अंगात. मी उन्हात उभी आहे हे पाहून तिने हाताने खूण केली, मागे ये. सूर्य सरकला की सावली सरकायची आणि आम्ही पाच जण न बोलता एकेक पाऊल बाजूला सरकायचो. तापमान होतं ११५ फॅरनहाइट, म्हणजे ४६ सेल्सिअस. थांब्याच्या मागे जाळीपलीकडे गोल्फचं मैदान होतं, हिरवंगार.

मला सांगा, कोरड्या हवेने या बाईचं काय भलं केलं? कोरड्या हवेत घाम आला की लगेच उडून जातो. अंग ओलं लागत नाही, म्हणून शरीरातलं किती पाणी गेलं ते कळत नाही. डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय हवाच शरीरापेक्षा आठ-नऊ अंशांनी जास्त तापलेली असली की वाऱ्यानेही बरं वाटत नाही, झळच लागते. विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याला झळ आणि लू ठाऊक असते, तो कानाला रुमाल बांधतो. इथे 'ड्राय हीट' म्हणत उन्हाला सौम्य ठरवायची सगळ्यांना सवय लागली आहे, आणि ती सवय माणसं मारते. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं, तिथे २०२३ या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. अमेरिकेसारख्या देशात, एका काउंटीत! त्यातले बरेच जण बेघर होते. काही जण घरातच गेले, कारण एसी बंद होता. एवढी माणसं वादळात गेली असती तर देशभर झेंडे अर्ध्यावर आले असते.

त्या उन्हाळ्यात लागोपाठ ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली थांबला नाही. आधीचा विक्रम १९७४ चा होता, १८ दिवसांचा. पुढच्याच वर्षी लागोपाठ ११३ दिवस १०० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त. तिथला जुना विक्रम ७६ दिवसांचा. बातम्यांत हे आकडे एखाद्या सामन्याच्या धावसंख्येसारखे सांगतात. लोक थर्मामीटरशेजारी उभे राहून फोटो काढतात. मला त्याची चीड येते.

दिवसाचं एक वेळ सोडून देऊ. वाळवंटात दिवस तापणारच. पण वाळवंटाची रात्र गार असते, हे लहान मुलालाही माहीत असतं. कोरडी हवा, निरभ्र आकाश, सूर्य गेला की जमीन भराभर निवते. इथे ती रात्रच उरलेली नाही. १९ जुलै २०२३ ला फिनिक्सचं त्या दिवसाचं सर्वांत कमी तापमान ९७ फॅरनहाइट होतं. सर्वांत कमी! ३६ अंश सेल्सिअस, पहाटे! हे सूर्याने केलेलं नाही, आपण केलंय. १९५० मध्ये हे शहर १७ चौरस मैलांचं होतं, वस्ती लाखाच्या जराशी वर. आज ते ५०० चौरस मैलांहून मोठं आहे आणि २०२० च्या जनगणनेत १६ लाखांवर माणसं मोजली गेली. वाळवंटावर मैलोन्‌मैल डांबर आणि काँक्रीट ओतलं. ते दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकत राहतं. प्रत्येक घराचा एसी आतली उष्णता बाहेर फेकतो ती वेगळीच. दुकानांसमोरची पार्किंगची मैदानं तर एवढी मोठी की नाताळच्या गर्दीतही पूर्ण भरत नाहीत, पण नियमात तेवढी लिहिलेली असतात म्हणून बांधायची. डांबरावर पडलेली माणसं भाजून इस्पितळात येतात. हो, पडलेली. चक्कर येऊन किंवा ठेच लागून. काही मिनिटांत कातडी जाते.

आणि हे सगळं एसीच्या जोरावर चाललंय. वीज गेली तर काय, याचा विचार इथे कुणाला करायचा नसतो. २०१८ मध्ये एका वृद्ध बाईची वीज ५१ डॉलर थकले म्हणून तोडली, बाहेर १०७ फॅरनहाइट असताना. ती घरात मेली. त्यानंतर २०१९ मध्ये भर उन्हाळ्यात बिल थकलं म्हणून वीज तोडायला मनाई झाली. त्याआधी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं? दरवर्षी उन्हाळा येतो हे माहीत नव्हतं?

एवढं बोलल्यावर लोक विचारतात, मग राहतेस कशाला? राहते, कारण हे शहर मला आवडतं, आणि म्हणूनच तळतळाट होतो. नोव्हेंबर ते मार्च इथल्यासारखी हवा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बर्फ उपसायचा नाही, महिनोन्‌महिने ढगाळ आभाळ नाही. मार्चमध्ये जुन्या वस्त्यांमधून संत्र्याच्या मोहराचा असा घमघमाट सुटतो की गाडीची काच खाली करून सावकाश जावंसं वाटतं. पहाटे साउथ माउंटनवर चढलं की सग्वारो निवडुंगांच्या मागून सूर्य येतो. पावसाळ्याची पहिली सर पडायच्या आधी क्रिओसोटच्या झुडपांचा वास येतो, त्यासाठी मी अंगणात जाऊन उभी राहते. नोकऱ्या आहेत, चिपच्या कारखान्यांमुळे आणखी येताहेत. मीही नोकरीसाठीच आले. येणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की येणाऱ्या प्रत्येकाला घर विकलं जातं, रस्ता विकला जातो, एसी विकला जातो, पण सावली कुणी मोजतच नाही. पार्किंगमध्ये मात्र बघा. एका पालो व्हर्देच्या झाडाच्या विरळ सावलीत गाडी लावायला मिळावी म्हणून माणसं दोन चकरा मारतात, दाराजवळची जागा सोडून लांब लावतात. सावलीची किंमत इथे प्रत्येकाला कळते. फक्त आपल्या गाडीपुरती.

झाडं लावा म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "पाणी कुठून आणायचं?" या उत्तराने माझं डोकंच फिरतं.

पाण्याची चणचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. फिनिक्समध्ये वर्षाला सरासरी जेमतेम १८० मिलिमीटर पाऊस पडतो. कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्यातून, वाटेत जवळपास २,९०० फूट वर चढवून इथे येतं. १९२२ च्या करारात त्या नदीचं पाणी वाटलं गेलं तेव्हा ती वाहते त्याहून जास्त पाणी कागदावर धरलं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदाच टंचाई जाहीर केली आणि सर्वांत मोठी कपात अ‍ॅरिझोनाच्या वाट्याला आली. जून २०२३ मध्ये राज्याने सांगितलं की नुसत्या भूजलाच्या भरवशावर फिनिक्स परिसरात नव्या वसाहतींना मंजुरी मिळणार नाही, कारण पुढच्या शंभर वर्षांचा हिशेब जुळत नाही. आधी मंजूर झालेल्या मात्र उभ्या राहतच आहेत. शंभर वर्षांच्या पाण्याची हमी द्यावी लागते हा १९८० चा कायदा. तो सहा किंवा जास्त भूखंड पाडले तरच लागतो, म्हणून लोकांनी पाच-पाच भूखंड पाडून घरं विकली. रिओ व्हर्दे फूटहिल्समध्ये अशीच वस्ती झाली आणि १ जानेवारी २०२३ ला शेजारच्या स्कॉट्सडेल शहराने तिथल्या टँकरना पाणी देणं थांबवलं, तेव्हा लोक पावसाचं पाणी बादलीत धरून संडासात ओतत होते.

हे सगळं मान्य. मग मला एवढंच सांगा, आमच्या वसाहतीच्या दारातल्या गवताला पाणी कुठून येतं? दर ऑक्टोबरला उन्हाळी गवत खरवडून काढतात आणि त्यावर राय गवत पेरतात, कशाला, तर हिवाळ्यात हिरवं दिसावं म्हणून. त्या गवतावर कुणी बसत नाही, मुलं खेळत नाहीत. ते गाडीतून बघायचं असतं. मी आमच्या एचओएकडे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेकडे, अर्ज केला होता, भिंतीबाहेर फुटपाथच्या कडेला तीन मेस्किट लावू द्या, खर्च माझा. मेस्किट इथलंच झाड, मुळं खोल जातात, एकदा रुजलं की अगदी थोड्या पाण्यात तगतं. दोन महिन्यांनी पत्र आलं. नामंजूर. मुळांनी फुटपाथ उचलला जाईल, आणि मंजूर झाडांच्या यादीत मेस्किट नाही. राय गवत आहे!

या शहराला सावली कधी ठाऊकच नव्हती असंही नाही. जुने फोटो पाहा, कालव्यांच्या काठाने कॉटनवूडची उंच झाडं दिसतात, खाली लोक फिरताहेत, मुलं पाण्यात उड्या मारताहेत. पुढे ती झाडं तोडली. आता कालव्याच्या काठाने नुसती उघडी मुरमाड वाट. २०१० मध्ये फिनिक्स शहराने स्वतःच ठरवलं होतं की २०३० पर्यंत पाव शहरावर झाडांची सावली हवी. कागदावर पाव शहर सावलीत आणि रस्त्यावर माणसं खांबामागे.

आमचं उपनगर वेगळी पालिका आहे, म्हणून तिथे फोन केला. थांब्यावर छप्पर कधी घालणार? पलीकडची मुलगी अदबीने बोलली, माझा तिच्यावर राग नाही. म्हणाली, त्या थांब्यावर चढणारे प्रवासी कमी आहेत, म्हणून तो यादीत नाही. अहो, तिथे उभं राहणं म्हणजे जिवावरचं काम आहे, ज्याला दुसरा काही उपाय आहे तो कशाला येईल? आणि जे येतात ते कमी आहेत म्हणून त्यांनी भाजावं? मी त्या चार दिवसांत मोजणी केली. संध्याकाळी पाचच्या आसपास कधी चार, कधी पाच, एकदा नऊ माणसं. तो कागद पाठवला. उत्तरादाखल तक्रार क्रमांक आला.

पुढच्या महिन्यात पालिकेची सभा आहे, नागरिकांना तीन-तीन मिनिटं बोलता येतं. मी नाव दिलंय. गाडी दुरुस्त होऊन आली तरी परवा मुद्दाम थांब्यावर गेले आणि हॉटेलात काम करणाऱ्या त्या बाईला विचारलं, तुम्ही याल का बोलायला? अकरा वर्षं ती त्याच थांब्यावरून चढतेय, माझ्या तीन मिनिटांपेक्षा तिची तीन मिनिटं मोलाची. तिला यायचं आहे. पण सभा संध्याकाळी सात वाजता आणि आमच्या मार्गावरची शेवटची बस साडेसातला. सभा संपल्यावर तिने घरी जायचं कसं, याचा विचार सभेची वेळ ठरवणाऱ्याने केलेला नाही. तिला न्यायला आणि घरी सोडायला मी जाणार आहे.