स्केट्स घ्यावेत तर वाढत्या मापाचे

टोरांटोत पहिला हिवाळा? पोराला बर्फावर उतरवायचंय? मग स्केट्स, म्हणजे तळाला पातं लावलेले बूट, कसे निवडावेत ते माझ्याकडून ऐका. अनुभवी माणूस आहे. गेल्या शनिवारी रिंकच्या रबरी फरशीवर गुडघे टेकून, दातांत लेस धरून, रडणाऱ्या सात वर्षांच्या मुलीच्या पायातून बूट उपसून काढणारा जो बाप तुम्ही पाहिलात, तो मीच.

सर्वांत आधी, मुलाला दुकानात न्यायचं नाही. नेलं की ते "बाबा, टोचतंय" म्हणतं आणि सगळा हिशोब बिघडतो. शाळेच्या बुटाचा नंबर पाठ असला की झालं. हॉकीचे स्केट्स रोजच्या बुटापेक्षा साधारण एक-दीड नंबर लहान लागतात असं कुणी सांगू लागलं, तर तो माणूस आपल्याला लुटायला बसलाय हे ओळखा. आम्ही काय बूट घेतलेच नाहीत कधी?

उलट आणखी एक नंबर वर जायचं. वाढत्या मापाचं घेणे ही आपली संस्कृती आहे. पहिलीत शिवलेली चड्डी चौथीत अंगाला बसली, फ्रॉकची दुमड दर जूनमध्ये एकेक बोट उसवत गेली, तेव्हा कुठे आपण एवढे मोठे होऊन कॅनडाला आलो. आता त्या चड्डीवर उभं राहून बर्फावरून घसरायचं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बुटात उरलेली जागा मोज्यांनी भरायची. तीन जोड, वरून आजीने विणलेले लोकरीचे. पाय आत घामाने भिजून गार पडला की पोर वीस मिनिटांत "घरी चला" म्हणतं. तुमचीही सुटका.

नव्या स्केट्सना धार लावायची नसते. नवी विळी कधी धारवाल्याकडे नेली होती?

हेल्मेट सायकलचंच चालवा. दारावरच्या मुलाने अडवलं तर त्याच्याशी मनसोक्त हुज्जत घाला, मागची रांग कुठे पळून जात नाही.

फोटो छान येतात म्हणून पांढरे फिगर स्केट्स घ्या. पात्याच्या पुढे दाते असतात, त्यांवर पोर तोंडावर आपटतं, व्हिडिओ त्याहून छान येतो.

आणि मूल उभं राहिलं, घोटे आत वळले, दोन्ही पाय फतकल मारल्यासारखे झाले, तर दोष बुटाला द्यायचा नाही. मुलाला द्यायचा. हे मला शनिवारी एका सद्गृहस्थांनी शिकवलं. हातात कॉफी, अंगात गुडघ्यापर्यंतचं जाकीट, स्वतः आयुष्यात बर्फावर पाय ठेवलेला नाही. कठड्यावर रेलून म्हणाले, "घोट्यात दमच नाही हो हिच्या. खारीक-बदाम देता की नाही?" एरवी "पाण्याची बाटली आण" म्हटलं तर माझ्या मुलीला मराठी कळत नाही. हे मात्र अक्षरन् अक्षर कळलं. गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, माझे पाय वीक आहेत?"

घरी आल्यावर बुटातला आतला सोल बाहेर काढला आणि तिला त्यावर उभं केलं. अंगठ्याच्या पुढे माझी दोन बोटं सहज मावली. म्हणजे इतके दिवस बूट एकीकडे जात होता, पाय दुसरीकडे, आणि मी कठड्यापाशी उभा राहून ओरडत होतो, "घोटा सरळ ठेव!" कशाने ठेवणार होती? टाच आत वर-खाली होत असेल तर बूट घोट्याला धरणार कसा?

रविवारी तिला घेऊन स्केट्सना धार लावणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने आधी जुन्या जोडाच्या पात्यावर नख फिरवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. धार कधी लावलेलीच नव्हती. मग एक लहान जोड काढला, वापरलेलाच. एकच पातळ मोजा. लेस सैल ठेवून पाय पुढे सरकवला, टाचेमागे एकच बोट घातलं. मग टाच जमिनीवर आपटून मागे बसवली. बोटांपाशी लेस जरा सैल, घोट्यापाशी आवळून. सरळ उभी राहिली की बोटं पुढे जेमतेम टेकत होती, गुडघे वाकवले की सुटत होती. "चल," म्हणाला. ती चालली. घोटे सरळ. खारीक नाही, बदाम नाही.

आता सरळच बोलतो. पैसे वाचवायचे असतील तर वापरलेले घ्या, त्यात कमीपणा नाही. पात्याचं पोलाद संपत आलेलं नाही ना ते बघा, घोट्याचा भाग मुठीत दाबून बघा. पिशवीसारखा मिटत असेल तर घेऊ नका. पण माप आजच्या पायाचं घ्या, पुढच्या वर्षीच्या नाही. ऑटवातल्या रिडो कालव्यावरची ७.८ किलोमीटरची बर्फाची वाट २०२२-२३च्या हिवाळ्यात एक दिवसही उघडली नाही, बर्फ पुरेसा धरलाच नाही. पुढच्या वर्षी बर्फाचाच भरवसा नाही आणि तुम्ही पोराच्या पायाचं नियोजन करताय! पोर दर शनिवारी पडतं, पायाला फोड येतात, आणि वर तुम्ही त्यालाच घाबरट म्हणता. लाज वाटू द्या. मला वाटली, उशिरा का होईना.

आणि काका, तुम्ही येत्या शनिवारी याच. तुमच्या नंबरापेक्षा दोन नंबर मोठे स्केट्स भाड्याने घेऊन देतो, पैसे माझे. मोजे तीन जोड घालून या. मी कॉफी घेऊन कठड्यापाशी उभा आहे.