'पळपुटेपणा शिकवू नका' या प्रतिक्रियेला उत्तर

वाचक महोदय,

संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये प्रोपेलरची लढाऊ विमाने उडवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी मी लिहिलेल्या लेखावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. नवशिक्याला 'वळून लढू नको' असे सांगणे चुकीचे आहे, जपानी झीरोसारख्या विमानाला तो सल्ला लागूच पडत नाही, ट्रिमची (स्टिक सतत दाबून न धरता विमान सरळ राहावे म्हणून करायच्या जुळणीची) माहिती लेखात फार उशिरा येते, आणि पंखांतल्या बंदुकांच्या गोळ्या एकत्र येण्याचे मी सुचवलेले २५० मीटर अंतर फार कमी आहे. या चारही मुद्द्यांवर शांतपणे बोलता आले असते. परंतु त्यांच्या आधी आपण जे वाक्य लिहिले आहे, त्याला उत्तर देणे मला भाग आहे. ते वाक्य असे : "घरात कापूस भरून ठेवण्याच्या उपमा देऊन पोरांना पळपुटेपणा शिकवू नका, लढाई काय असते ते आधी गावाबाहेर पडून बघा."

गावाबाहेर पडल्याने स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान नीट उडवता येते, ही माहिती माझ्यासाठी नवीन आहे. आपण कोणत्या शहरातून लिहिता हे मी विचारणार नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो, शेती करतो, आणि २००१ साली आलेल्या 'इल-२ स्टुर्मोविक' या सिम्युलेटरवर, ते बरेच जुने झाल्यानंतर, एका जुनाट संगणकावर हे सगळे शिकलो. शत्रू अगदी नेमात यावा आणि भारनियमनाची वेळ व्हावी, असे तेव्हा नेहमीच होत असे. रडरचे (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचे) पेडल विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून गावातल्या सुताराकडून दोन फळ्या बिजागऱ्यांवर बसवून घेतल्या आणि जुन्या रेडिओतला आवाज कमी-जास्त करणारा भाग त्यांना जोडला. त्या फळ्यांवर पाय ठेवून मी ज्या गोष्टी शिकलो, त्याच लेखात लिहिल्या आहेत. महागडी सामग्री समोर ठेवून लिहिलेले धडेच प्रमाण मानायचे असतील, तर तसे लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण त्यांच्याकडे जावे.

आता त्या उपमेविषयी. उंची म्हणजे घरात ठेवलेला कापूस, भाव आला की वेगाच्या रूपाने विकता येतो, असे मी लिहिले होते. आमच्याकडच्या वाचकाला हे एका वाचनात समजते, कारण पहिल्या वेचणीचा माल गरजेपायी मिळेल त्या भावाने देऊन टाकल्यावर काय होते, हे त्याने घरात पाहिलेले असते. आपल्याला उपमा गावंढळ वाटत असेल तर ती बाजूला ठेवू आणि आकडे घेऊ. ६० अंश कलून, उंची न सोडता वळले, तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल मोडून विमान पडू लागते तो वेग) सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सरळ उडताना ताशी १५० किलोमीटरला स्टॉल होणारे विमान या वळणात २१२च्या आसपासच स्टॉल होते. शिवाय तेवढी उचल निर्माण करण्यापायी हवेचा जो विरोध सोसावा लागतो, तो त्याच वेगाला चौपट होतो. नवशिका नेमके काय करतो? शत्रू दिसला की जॉयस्टिक पोटाशी ओढतो आणि ओढतच राहतो. वेग जातो, एक पंख खाली पडतो, विमान गिरक्या घेऊ लागते. मग थ्रॉटल (इंजिनाची ताकद) बंद करावे, एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) मध्यावर आणावेत, गिरकीच्या उलट रडर दाबावा आणि स्टिक पुढे ढकलावी, हे त्या गोंधळात त्याला आठवत नाही. आठवले तरी खाली तेवढी उंची उरलेली नसते.

अशा वळणात न अडकण्याला आपण पळपुटेपणा म्हणता. क्लेअर शेनॉल्ट यांच्या 'फ्लाइंग टायगर्स' या अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांच्या तुकडीने डिसेंबर १९४१पासून चीन आणि ब्रह्मदेशावर पी-४० विमानांनी हेच केले. जपानी लढाऊ विमानांशी वळण्याची स्पर्धा करायची नाही, वरून सूर मारायचा, गोळ्या झाडायच्या, त्याच वेगाने दूर निघून जायचे आणि पुन्हा उंची गाठून परतायचे, अशी त्यांची शिकवण होती. पी-४० वळण्यात कमी आणि सूर मारण्यात सरस होते, एवढे साधे कारण त्यामागे होते. त्या वैमानिकांनाही आपण गावाबाहेर पडून लढाई बघायला सांगणार आहात का? पळणेदेखील शिकावे लागते, महोदय. सुरुवातीच्या स्पिटफायरमधल्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) होता. नाक एकदम खाली दाबले की इंजिन गचके खाई. जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या इंजिनात इंधन थेट आत फवारले जाई, त्यामुळे ते सरळ नाक दाबून निसटे. पाठलाग करणाऱ्या इंग्रज वैमानिकाला आधी विमान उलटे करून मग स्टिक ओढावी लागे. १९४१ साली बिअॅट्रिस शिलिंग यांनी इंधनाच्या वाटेत बसवायची छोटी चकती शोधली, तेव्हा ती अडचण बरीच कमी झाली. हे सगळे लेखात होते. प्रतिक्रिया लिहिण्याआधी इतके तरी वाचायला हवे होते.

बंदुकांच्या अंतराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ब्रिटनच्या लढाईत अनेक वैमानिकांनी ४०० यार्डांवरचे अंतर २५० यार्डांवर आणून घेतले होते. मी मनाचे काही सांगितलेले नाही. स्पिटफायर मार्क १च्या आठ बंदुकांत प्रत्येकी ३०० गोळ्या असत, म्हणजे एकूण १५ सेकंदांचा मारा. ज्याला लांबून उधळपट्टी करायची असेल त्याने खुशाल करावी.

झीरो हलके आहे आणि कमी वेगात सुरेख वळते, हे मला आपल्याकडून शिकण्याची गरज नाही. लेख सर्वसाधारण होता. प्रत्येक विमानाचा अपवाद पहिल्याच धड्यात घातला असता, तर आपणच त्याला पाल्हाळ म्हणाला असता.

ट्रिमबद्दल मात्र आपले म्हणणे रास्त आहे. टेक-ऑफला थ्रॉटल हळूहळू पुढे न्यावे आणि डावीकडे ओढणाऱ्या विमानाला उजव्या रडरने धरून ठेवावे (ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरला उलट बाजूने), हे सांगून झाल्यावर लगेच ट्रिम यायला हवे होते, कारण हात सतत दाबून धरणाऱ्याला नेम साधत नाही. तो परिच्छेद मी आज वर घेतला आहे. बाकीचा मजकूर, कापसासकट, आहे तसाच राहील.