बेल कर्व्ह लावायचा आणि वर टीम स्पिरिट मागायचं?

संताप संताप झालाय नुसता. बेल कर्व्ह म्हणजे ठरावीक लोकांना वर, बहुतेकांना मधे आणि काहींना तळाला बसवायचंच, असा रेटिंगचा साचा. शुक्रवारी अप्रेझलची, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाची, पत्रं हातात ठेवली आणि शनिवारी सकाळी सातला हिंजवडीहून बसमध्ये कोंबून मुळशीच्या रिसॉर्टवर टीम बिल्डिंगला नेलं. आमचा हक्काचा शनिवार! डोळ्यांवर पट्टी बांधा, मागे पडा, सहकारी झेलतील म्हणे. का झेलेल तो? रेटिंगच्या वरच्या गटातल्या जागा मोजक्या आहेत, मी वर गेलो की तो खाली जाणार, हे त्याला तुम्हीच शिकवलंय ना?

हा बेल कर्व्ह टीमच्या मुळावर उठलाय. टीमने कितीही जीव तोडून काम करो, कुणाला तरी तळाला टाकायचंच. यंदा आमच्या टेस्टरला टाकलं. सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या रात्री पेमेंट करताना एखाद्या ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जात होते. ते पकडलं तिने. रात्री दीडला एकेकाला फोन करून उठवलं, डेव्हलपर टाळाटाळ करत होता तर त्याला लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, काढून दाखवले, पहाटे फिक्स जाईपर्यंत जागेवरून हलली नाही. तिला काय मिळालं? ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’. मॅनेजरला जाब विचारला तर म्हणतो, “नॉर्मलायझेशनमध्ये (रेटिंग कर्व्हमध्ये बसवताना) वरून आलं, कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं.” द्यावंच लागतं! ती नवीन, भांडत नाही, म्हणून तिचं दिलं.

आता ती पुढच्या वेळी रात्री दीडला फोन करेल? मी तिच्या जागी असतो तर केला नसता. परिणाम दिसायलाही लागलेत. सॉफ्टवेअरच्या जुन्या मॉड्यूलचे खाचखळगे माहीत असलेला सीनियर ते कुठेच लिहून ठेवत नाही. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, अडलेला माणूससुद्धा ‘नो ब्लॉकर्स’ (काही अडचण नाही) म्हणून मोकळा होतो, कारण अडचण सांगितली की ती अप्रेझलमध्ये आपल्याच अंगावर येते.

आणि हे कुणाला माहीत नाही असंही नाही. जॅक वेल्च प्रमुख असताना जीईने (अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक) वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १० ही विभागणी गाजवली, पुढे जीईनेच ती सोडली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही सक्तीची उतरंड मोडीत काढली. गूगलने २०१२ पासून आपल्याच १८० टीम तपासल्या. त्यात सगळ्यात महत्त्वाचं काय निघालं, तर माणसं एकमेकांसमोर न घाबरता बोलू शकतात की नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना तर त्याच्या कितीतरी आधी हॉस्पिटलांमध्ये दिसलं होतं की चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त नोंदवल्या जातात. तिथली माणसं चूक लपवत नाहीत, सांगतात, म्हणून. आमचे एचआरवाले हेच सगळं स्लाइडवर टाकून आम्हाला ट्रेनिंग देतात आणि संध्याकाळी तीच रेटिंगची एक्सेल उघडून बसतात!

टीम हवी असेल तर रिलीजची तारीख ठरवताना काम करणाऱ्याला विचारा. रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या. चूक सांगणाऱ्याला संरक्षण द्या. यातल्या एकाही गोष्टीला रिसॉर्टइतका खर्च येत नाही.

पुढच्या आउटिंगचा मेल येऊन पडलाय, नाव नोंदवा म्हणून. मी सगळ्यांना सीसी ठेवून कळवलंय: येणार नाही. आधी तिचं रेटिंग बदला.