स्मॉग मेल्यावर उरलेली पाच प्रकरणं

नमस्कार,

टोल्किनच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीच्या शेवटाचं मी जे कौतुक केलं, त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. स्मॉग या ड्रॅगनला मारतो तो ऐनवेळी उपटलेला कुणी धनुर्धर. शेवटच्या लढाईत नायक, म्हणजे बिल्बो हा हॉबिट (छोटेखानी माणूस), बेशुद्ध पडतो. आणि एवढी पायपीट करून तो घरी आणतो काय, तर दोन लहानशा पेट्या. ‘ही वाचकाची फसवणूक आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. मला हे मुळीच पटलेलं नाही. का, ते नीट सांगतो.

आधी तो धनुर्धर, बार्ड. त्याचं नाव कळतं तेच 14व्या प्रकरणात, आणि तिथेच तो काळा बाण सोडून स्मॉगला पाडतो, हे खरं आहे. स्मॉगच्या छातीवर डावीकडे उघडी राहिलेली जागा आधी बिल्बोच हेरतो आणि थ्रश पक्षी ती खबर बार्डला देतो, असं म्हणून मला सुटता येईल. पण ती पळवाट नको. पुस्तकात 19 प्रकरणं आहेत. ड्रॅगन मेल्यावरही पाच उरतात. टोल्किनने ती कशासाठी लिहिली?

स्मॉग ज्यावर बसला होता तो खजिना कुणाचा, हे विचारण्यासाठी. ड्रॅगनला मारलं बार्डने. डेलचा जुना अधिपती गिरियन हा बार्डचा पूर्वज, आणि गिरियनची संपत्ती त्याच ढिगात मिसळलेली आहे. शिवाय खजिना परत मिळवायला निघालेल्या थोरिन या ड्वार्फ (बुटक्या) सरदाराच्या मंडळींना, ज्यांच्यासोबत बिल्बो आहे, ज्या लेक-टाऊनने आसरा दिला, खाऊपिऊ घातलं, तेच गाव चवताळलेल्या स्मॉगने जाळलं, तेही हिवाळ्याच्या तोंडावर. तिकडे थोरिन म्हणतो, हे माझ्या आजोबांचं आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. ड्रॅगनला मारणारा थोरिनच्या टोळीबाहेरचा आहे, म्हणूनच या तंट्याला धार येते. बिल्बोने तलवार खुपसून स्मॉगला संपवलं असतं, तर टाळ्या पडल्या असत्या आणि गोष्ट तिथेच आटोपली असती.

टोल्किनने 1936 साली ‘बेवुल्फ’वर एक गाजलेलं व्याख्यान दिलं होतं. त्या जुन्या इंग्रजी काव्यात एक चोर ड्रॅगनच्या ढिगातून पेला उचलतो आणि ड्रॅगन खवळतो. बिल्बोही आधी एक दोन कानांचा पेलाच उचलतो. बेवुल्फ ड्रॅगनशी झुंजताना जिवाला मुकतो आणि सोनं पुन्हा मातीत जातं, पूर्वीइतकंच निरुपयोगी. नॉर्स कथेतला फाफ्निर तर सोन्याच्या हावेपायी स्वतःच ड्रॅगन झालेला असतो. ही परंपरा टोल्किनला तोंडपाठ होती. ‘हॉबिट’मध्ये स्मॉग मरतो, पण सोन्याची बाधा थोरिनला होते. भुकेल्या माणसांसमोर तो दरवाजा चिणून बसतो.

माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा कळस 16व्या प्रकरणात आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही. थोरिनला जीव की प्राण असलेला आर्कनस्टोन बिल्बोला आधीच सापडलेला असतो. करारानुसार त्याचा वाटा चौदावा. तोच वाटा समजून तो हे रत्न लपवून ठेवतो. मग एका रात्री टोळीतल्या बॉम्बरचा पहारा स्वतःकडे घेऊन तो दोरावरून खाली उतरतो आणि लढाई टळावी म्हणून ते रत्न बार्ड आणि एल्फांच्या राजाच्या हाती देतो. ते म्हणतात, आमच्याकडेच राहा, थोरिन तुला सोडणार नाही. बिल्बो नको म्हणतो. मित्रांना असं टाकून जाणं बरोबर नाही, आणि बॉम्बरला मध्यरात्री उठवायचं कबूल केलंय! तो परत जातो. दुसऱ्या दिवशी थोरिन त्याला धरून खडकांवर फेकायला निघतो. ड्रॅगनसमोर उभं राहायला धैर्य लागतंच, पण आपल्याच माणसांच्या रागाला सामोरं जायला परत येणं मला त्याहून मोठं वाटतं.

लढाई शेवटी होतेच, कारण गॉब्लिन, म्हणजे सगळ्यांचेच दुष्ट शत्रू, येतात. बिल्बो डोक्यात दगड बसून बेशुद्ध पडतो आणि विजय त्याला दिसतच नाही. टोल्किन स्वतः 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होता. अशा लेखकाने रणांगणावर नायकाला मिरवू दिलं नाही, यात मला कुठेच उणीव दिसत नाही. थोरिनचे भाचे फिली-किली जातात, थोरिनही मरतो. मरताना तो बिल्बोची माफी मागतो, त्या पानावर मी आजही थांबतो.

राहिल्या दोन पेट्या. बिल्बोचा चौदावा वाटा बुडाला, असं तुम्ही म्हणता. तो बुडालेला नाही. आर्कनस्टोनच्या बदल्यात ठरलेला तो वाटा थोरिननंतर राजा झालेला डाइन बार्डला देतो, त्यातून लेक-टाऊनलाही मदत जाते, आणि पुढे बार्ड डेल पुन्हा वसवतो. बिल्बोला देऊ केलेलं मोठं धन तो स्वतःच नाकारतो आणि एका तट्टावर मावेल एवढंच घेतो.

आता एक प्रश्न तुम्हाला. ड्रॅगनला मारणारा बिल्बोच असता, सगळ्या ढिगावर पहिला हक्क त्याचाच असता, तर आर्कनस्टोन देऊन टाकण्याला तेवढंच वजन आलं असतं का? 16वं आणि 17वं प्रकरण पुन्हा एकदा वाचा आणि तरीही मत तेच राहिलं, तर जरूर लिहा.